मांडणी, कपाट करायचंय? प्लायवूड कोणता घ्यावा, रंग कसा द्यावा, वाचा सविस्तर

पूर्वी घरात फळी बसवायची म्हटली की बांधावरचं बाभळीचं नाहीतर कडुलिंबाचं झाड तोडायचं, सॉ मिलवर चिरून आणायचं आणि वर्षभर सावलीत सुकवायचं. आता तेवढा वेळ कुणाकडे नाही. तालुक्याला जायचं, प्लायवूडची शीट टेम्पोत टाकायची आणि मिस्त्रीला बोलवायचं. भांड्यांची मांडणी असो, पोरांच्या पुस्तकांचं कपाट असो की किराणा दुकानाच्या फळ्या, सगळीकडे प्लायच दिसतो.

अडचण इथेच आहे. 'भाऊ, वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून न्या' असं दुकानात सांगतात आणि माणूस खरंच डोळे झाकून नेतो. सोयाबीन नाहीतर कापूस विकून आलेले आठ-दहा हजार रुपये त्यात जातात. दोन पावसाळे झाले की खालची फळी फुगते, कडा सुटतात, रंगाचे पोपडे निघतात, मागून वाळवी लागलेली असते. दोष प्लायला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा चुकीच्या जागी चुकीचा प्लाय बसवलेला असतो, नाहीतर रंगाची तयारी केलेली नसते. या दोन्ही गोष्टी घरमालकाला स्वतः तपासता येतात.

प्लायवूड म्हणजे नेमकं काय?

झाडाचं खोड फिरवत त्याची पातळ साल काढावी तसे लाकडाचे पातळ थर काढतात. हे थर डिंक लावून एकावर एक आडवे-उभे ठेवतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. थरांची संख्या बहुधा विषम असते, म्हणजे ३, ५, ७, ९, ११ अशी. थर आलटूनपालटून आडवे-उभे असल्यामुळे प्लाय सहसा लाकडासारखा तडकत नाही आणि पिळवटत नाही.

आतले थर बहुतेक पॉपलर किंवा निलगिरीचे असतात. हरियाणातलं यमुनानगर हे प्लायचं देशातलं मोठं केंद्र. तिकडचे शेतकरी पॉपलर आणि निलगिरी शेतात पीक म्हणून लावतात. केरळातल्या पेरुंबावूर भागात रबराच्या झाडाचं लाकूड वापरतात. पॉपलर वजनाला हलका आणि नरम असतो. निलगिरी जड असते आणि स्क्रू चांगला धरते. म्हणून एकाच मापाच्या दोन शीट उचलून पाहिल्या तर वजनात बराच फरक लागतो. १८ मिमी जाडीची ८ बाय ४ फुटांची शीट साधारण ३० ते ३८ किलो भरते.

खरा फरक डिंकाचा

प्लाय पाण्यात टिकणार की नाही हे लाकडापेक्षा डिंकावर ठरतं. बाजारात मुख्य प्रकार तीन:

• एमआर (कमर्शियल): हा दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. याचा डिंक युरियापासून करतात. हा तोच युरिया, जो शेतात टाकतात. शेतकऱ्यांचा अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळतो, ही ओरड जुनी आहे. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला निमकोटिंग सक्तीचं झालं, त्यामागे ही चोरी थांबावी हाही एक हेतू होता. एमआर प्लायची डिंकाची चाचणी ६० अंश गरम पाण्यात ३ तास ठेवून घेतात.

• बीडब्ल्यूआर (वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणारा): म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणारा. याची चाचणी ८ तास पाण्यात उकळून होते. एमआर आणि बीडब्ल्यूआर हे दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. म्हणूनच शिक्क्यावर नुसतं '३०३' दिसलं म्हणून प्लाय वॉटरप्रूफ समजू नये. त्याच्या सोबत एमआर लिहिलंय की बीडब्ल्यूआर, हे वाचावं.

• मरीन (बीडब्ल्यूपी): मानक आयएस ७१०. याचा डिंक ७२ तास उकळून तपासतात. कीड आणि बुरशी लागू नये म्हणून आतल्या लाकडावर औषधाची प्रक्रियाही करावी लागते. साहजिकच हा सगळ्यात महाग.

कुठल्या जागेला कोणता?

सगळीकडे मरीन लावायची गरज नाही आणि सगळीकडे कमर्शियल चालत नाही.

• पुस्तकांचं कपाट, देव्हाऱ्याच्या बाजूची फळी, कपड्यांचं कपाट; भिंत कोरडी असेल तर: एमआर चालतो.

• स्वयंपाकघरातली मांडणी, पाण्याच्या माठाजवळची फळी, ओल धरणारी भिंत, पत्र्याचं घर: बीडब्ल्यूआर.

• मोरी आणि न्हाणीजवळ, ओट्याखाली, दूध संकलनाच्या खोलीत, कोकणासारख्या जास्त पावसाच्या भागात: मरीन.

पैसे कमी असतील तर एक मधला मार्ग आहे. कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजू आणि सगळ्यात खालची फळी बीडब्ल्यूआर किंवा मरीनची घ्यावी. वरच्या फळ्या एमआरच्या चालतात. पाणी आणि वाळवी दोन्ही खालूनच येतात. मात्र सगळ्या शीटची जाडी एकच आहे ना, हे मोजून घ्यावं.

स्वस्त म्हणून भुशाचा पार्टिकल बोर्ड गळ्यात मारला जातो. वरून सनमायकासारखा कागद असल्याने तो छान दिसतो, पण एकदा पाणी शिरलं की बिस्किटासारखा फुगतो आणि पुन्हा खाली बसत नाही. एमडीएफवर रंग सुरेख बसतो, पण तो जड असतो आणि ओलीला टिकत नाही. खेड्यातल्या घरात दोन्ही जपूनच वापरावेत.

शिक्का असा वाचावा

शीटवर छापलेला आयएसआय शिक्का नीट पाहावा. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो (३०३ किंवा ७१०) आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. परवाना क्रमांक नसेल तर त्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

हा क्रमांक मोबाइलवर लगेच तपासता येतो. भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' हे ॲप मोफत आहे. त्यात परवाना तपासण्याच्या ठिकाणी क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, कोणत्या मालासाठी परवाना आहे आणि तो चालू आहे की संपलाय, हे दिसतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे. शिक्का खोटा निघाला तर त्याच ॲपवर तक्रारही करता येते.

आयएसआय आणि आयएसओ यात गल्लत करू नये. आयएसओ हे कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं. त्या शीटची चाचणी झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. '७१० ग्रेड', 'मरीन टाइप' अशी नुसती अक्षरंही कुणीही छापू शकतो.

बिल पक्कं घ्यावं. बिलावर कंपनी, प्रकार, जाडी आणि शीटची संख्या लिहून घ्यावी. नुसतं 'प्लाय ४ नग' असं बिल असेल तर उद्या वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

दुकानात उभं राहून करायच्या पाच तपासण्या

१. कड पाहावी. चारही बाजूंच्या कडा उजेडात बघाव्यात. थर सरळ आणि सारखे हवेत. मध्ये भोकं, फटी किंवा एकावर एक चढलेले थर दिसले तर ती शीट बाजूला ठेवावी. कडेला रंग फासून फटी झाकलेल्या असतात, तेव्हा नख लावून पाहावं.

२. ठोकून पाहावं. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने जागोजागी ठोकावं. आवाज सगळीकडे सारखा, भरीव यावा. कुठे पोकळ, भद्द आवाज आला तर आत थर सुटलेले आहेत.

३. जाडी मोजावी. '१८ मिमी' म्हणून १६ मिमी देण्याचे प्रकार होतात. एका शीटची जाडी टेपने नीट कळत नाही. म्हणून पाच शीट एकावर एक ठेवून मोजाव्यात. १८ मिमीच्या पाच शीट ९ सेंटिमीटर भरायला हव्यात. ८ सेंटिमीटरच भरल्या तर तो १६ मिमीचा माल आहे.

४. सरळपणा बघावा. शीट कडेवर उभी करून एका टोकाकडून डोळा लावून पाहावी. खाटेसारखा झोळ आलेला असेल तर घेऊ नये. घरी नेऊन तो बसत नाही.

५. भुगा बघावा. बारीक टाचणीएवढी छिद्रं आणि पिठासारखा भुगा दिसला तर आत कीड आहे. अशी एक शीट घरातल्या बाकी लाकडालाही धोक्याची.

खात्रीच करायची असेल तर दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्यावा आणि चुलीवर पाण्यात ८ तास उकळावा. बीडब्ल्यूआर किंवा मरीन म्हणून दिलेल्या तुकड्याचे थर सुटले तर दुकानदाराला तोच तुकडा नेऊन दाखवावा. आठ-दहा शीटची खरेदी असेल तर एवढं केलेलं बरं. डिंकाच्या काळ्या-तपकिरी रेषेवरून 'मरीनच आहे' असं सांगितलं जातं, पण डिंकात रंगही मिसळता येतो. नुसत्या रंगावर भरोसा ठेवू नये.

फळी वाकते का? जाडी आणि लांबीचा हिशेब

प्लाय चौरस फुटावर विकला जातो. ८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट. समजा दर ७० रुपये फूट असेल तर एक शीट २,२४० रुपयांना पडते. ४, ६, ९, १२, १८ आणि २५ मिमी या नेहमीच्या जाड्या. फळीसाठी १८, पाठीमागच्या बाजूला ४ किंवा ६, हलक्या छोट्या कप्प्यांना १२ मिमी वापरतात.

फळी वाकण्याचा नियम साधा पण फसवा आहे. वजन तेवढंच ठेवून दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं तर वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. जाडी निम्मी केली तरी वाक आठपट. म्हणून पाच फूट लांब फळी टाकून मध्ये आधार न देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. किराण्याच्या फळीवर १५ किलोचे तेलाचे तीन डबे ठेवले की ४५ किलो होतात. पुस्तकांचंही तसंच, एक फूट रांगेला दहा किलोच्या आसपास वजन सहज होतं.

ढोबळ मापं अशी धरावीत:

• १८ मिमी, जड सामान (पुस्तकं, डबे, किराणा): दोन टेकूंमध्ये अडीच ते पावणेतीन फूट.

• १८ मिमी, हलकं सामान (कपडे, प्लास्टिकची भांडी): तीन ते साडेतीन फूट.

• १२ मिमी: दीड ते दोन फूट.

आणखी दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीला धरून असाव्यात. आडव्या रेषांची फळी लवकर झोल खाते. ८ बाय ४ च्या शीटमध्ये रेषा बहुतेक ८ फुटांच्या बाजूने असतात, त्यामुळे फळी लांबीतच कापावी. दुसरी म्हणजे फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच रुंदीची लाकडी पट्टी उभी मारावी. फळीला ताकद येते आणि प्लायची कडही झाकली जाते.

एका शीटमध्ये एक कपाट

मिस्त्री येण्याआधी हा हिशेब कागदावर काढून ठेवला तर शीट वाया जात नाही. ८ बाय ४ च्या एका १८ मिमी शीटमधून सहा फूट उंच कपाट पूर्ण निघतं.

शीट लांबीत चार पट्ट्यांत कापावी. करवतीच्या जाडीत थोडं लाकूड जातं, म्हणून प्रत्येक पट्टी पावणेबारा इंच रुंद धरावी. पहिल्या दोन पट्ट्यांमधून ६ फुटांच्या दोन उभ्या बाजू काढाव्यात. उरलेल्या दोन पट्ट्यांचे साडेएकतीस इंचांचे प्रत्येकी तीन तुकडे करावेत, म्हणजे सहा फळ्या झाल्या. एक वर, एक खाली, चार मध्ये. कपाटाची बाहेरून रुंदी सुमारे ३३ इंच येते आणि फळीची लांबी जड सामानाच्या मर्यादेत बसते. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून तीन इंच वर घेतली तर पाच कप्पे साधारण तेरा-तेरा इंचांचे होतात. वह्या-पुस्तकं, डबे दोन्ही त्यात बसतात.

पाठीमागे ६ बाय ३ फुटांची ४ किंवा ६ मिमीची शीट लावावी. मागची पाठ नसेल तर कपाट एका बाजूला झुकतं. उभ्या बाजूंमधून उरलेले दोन-दोन फुटांचे दोन तुकडे फेकू नयेत. एकावर उकळण्याची चाचणी होते, दुसऱ्यावर रंग करून बघता येतो.

जोडताना नुसते खिळे मारू नयेत. आधी फेविकॉल, मग दीड इंची स्क्रू. कडेत स्क्रू घुसवण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्यावं, नाहीतर थर फाटतात. सहा फुटी कपाट वरच्या बाजूने भिंतीला पट्टीने आवळावं. लहान पोरं फळीवर पाय देऊन चढतात आणि मोकळं कपाट अंगावर येतं. ही पट्टी दहा-वीस रुपयांची असते, ती टाळू नये.

वाळवी आणि ओल

वाळवी मातीतून येते आणि भिंतीला चिकटून वर चढते. त्यामुळे कपाट भिंतीपासून इंचभर पुढे ठेवावं. खाली फरशीचे किंवा पीव्हीसीचे तुकडे द्यावेत, प्लायची कड थेट जमिनीवर टेकवू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मागे बॅटरी मारून बघावं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की वाळवी आली समजावं.

यात एक धोक्याची पद्धत गावोगावी दिसते. घरात फवारणीचं औषध पडलेलं असतं, तेच ब्रशने फळ्यांना फासतात. असं अजिबात करू नये. शेतातलं कीटकनाशक पिकासाठी असतं, ज्यावर पोरांची पुस्तकं आणि धान्याचे डबे ठेवायचे त्या फळीसाठी नसतं. त्याचा अंश घरात राहतो, हाताला लागतो, पोटात जातो. लाकडासाठी वेगळं वाळवीरोधक मिळतं. ते बाहेरून, म्हणजे पाठ आणि खालच्या बाजूलाच लावावं, डब्यावरच्या सूचना वाचून, हातमोजे घालून. ते पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा.

फवारणीची औषधं ठेवायला फळी करायची असेल तर ती घराबाहेर, कुलपाच्या पेटीत असावी. कितीतरी औषधांमध्ये रसायनी द्रावण असतं, ते सांडलं की ऑइल पेंट विरघळतो. बाटल्यांखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवावा.

रंग: अर्धं काम तयारीतच

रंगारी लोक म्हणतात, रंग दोन तासांत होतो, घासायला दोन दिवस लागतात. ते खरं आहे. फळीवर रंग टिकतो की सुटतो हे रंगाच्या डब्यापेक्षा आधीच्या तयारीवर ठरतं.

लागणारं साहित्य (वर सांगितलेल्या कपाटासाठी): वुड प्रायमर १ लिटर, ऑइल पेंट दीड लिटर, वुड पुट्टी म्हणजे लाकडाची लांबी अर्धा किलो, पॉलिश पेपर १२०, १८० आणि ३२० नंबरचे, पातळ करायला टर्पेन्टाइन, दोन इंची ब्रश आणि स्वच्छ सुती फडकं. एका लिटरमध्ये एक हात साधारण १०० चौरस फूट बसतो, या हिशेबाने हे धरलं आहे.

पायरी १, घासणं: १२० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावं. आडवं घासलं तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात. वरचा थर फार पातळ असतो, त्यामुळे मशीनने घासताना जपावं, खालचा थर उघडा पडतो. धूळ ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यावं.

पायरी २, प्रायमर: पहिला हात वुड प्रायमरचा. आत, बाहेर, फळीच्या वर आणि खाली, सगळीकडे द्यावा. एकाच बाजूने रंग दिला तर दुसरी बाजू ओल ओढते आणि फळी वाकते. कडेला दोनदा द्यावा. कडेत लाकडाच्या उघड्या नळ्या असतात, त्या पाणीही पितात आणि रंगही. रात्रभर वाळू द्यावं.

पायरी ३, लांबी भरणं: स्क्रूचे खड्डे, कडेच्या फटी, जोड यात पत्र्याने लांबी भरावी. जाड थर एकदम देऊ नये, दोनदा पातळ द्यावा. वाळल्यावर १८० ने घोटावं. हात फिरवला तर जोड लागू नये इतकं. लांबी दिलेल्या जागी पुन्हा प्रायमर लावावा, नाहीतर तिथे रंगाचे मॅट ठिपके दिसतात.

पायरी ४, पहिला हात: ऑइल पेंट थोड्या टर्पेन्टाइनने पातळ करून पातळच ओढावा. आधी आतले कोपरे, मग फळ्या, शेवटी बाहेरच्या बाजू. किमान रात्रभर वाळू द्यावं. पावसाळी हवा असेल तर पूर्ण दोन दिवस.

पायरी ५, दुसरा हात: ३२० ने हलकं घासून, पुसून शेवटचा हात द्यावा. ब्रश एकाच दिशेने ओढावा, अर्धवट वाळलेल्या रंगावर परत ब्रश फिरवू नये.

हाताला कोरडं लागलं म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. फळीवर लगेच सामान ठेवलं तर डबे चिकटतात आणि उचलताना रंगाचे गोल टवके निघतात. आठवडाभर थांबावं.

ऑइल पेंटला पर्याय म्हणून पाण्यात मिसळणारा इनॅमलही मिळतो. वास कमी, वाळतो लवकर, पांढरा रंग पिवळा पडत नाही. पांढऱ्या ऑइल पेंटचं कपाट अंधाऱ्या खोलीत वर्ष-दोन वर्षांत पिवळसर दिसू लागतं. घरात दम्याचा रुग्ण, बाळंतीण किंवा तान्हं बाळ असेल तर हा बरा. प्रायमरही मग त्याच कंपनीने त्या रंगासाठी सांगितलेला घ्यावा.

नेहमी होणाऱ्या चुका

• भिंतीची पुट्टी प्लायला लावणं. घर रंगवताना उरलेली पांढरी पुट्टी फळीला फासली जाते. ती सिमेंटची असते. लाकूड हवेप्रमाणे थोडं फुगतं-आकसतं, सिमेंट हलत नाही, मग तडे जातात आणि रंगासकट पापुद्रे पडतात.

• भिंतीचा डिस्टेंपर फळीला देणं. ओल्या फडक्याने चार वेळा पुसलं की निघतो.

• प्रायमर वाचवणं. शंभर-दोनशे रुपये वाचतात, पण रंग एक हात जास्त पितो आणि पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.

• चुकीचा थिनर. एनसी थिनर ऑइल पेंटमध्ये मिसळू नये. डब्यावर लिहिलंय तोच वापरावा. रॉकेल किंवा डिझेल मिसळलं तर रंग नीट वाळत नाही, चिकट राहतो.

• ओल्या प्लायवर रंग. टेम्पोत भिजलेली शीट आठ-दहा दिवस सावलीत, विटांवर आडवी ठेवून सुकवावी. भिंतीला तिरकी टेकवली तर ती वाकते. उन्हात टाकली तरी वाकते.

• मळणीच्या दिवसांत अंगणात रंग. भुसकट उडतं, संध्याकाळी चिलटं बसतात. बंद पडवीत, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सुरू करावं. दिवाळीनंतरची कोरडी हवा सगळ्यात चांगली.

रंगातलं शिसं

शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा केंद्र सरकारचा २०१६ चा नियम आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. रंगाच्या डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते पाहून घ्यावं. सुटा, नाव नसलेला रंग स्वस्त पडतो, पण पोरांच्या अभ्यासाच्या फळीला तो नको.

जुनं कपाट, जुनी मांडणी पुन्हा रंगवायची असेल तर जास्त काळजी घ्यावी. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नये. पाण्याचा पेपर ओला करून घासावा, तोंडाला मास्क बांधावा, पोरांना दूर ठेवावं आणि निघालेला गाळ कागदावर गोळा करावा. गोठ्यात किंवा परसातल्या भाजीत तो टाकू नये.

नव्या प्लायलाही पहिले काही दिवस डोळे चुरचुरणारा वास येतो. तो डिंकातल्या रसायनाचा असतो. कपाट झाल्यावर आठवडाभर खोली मोकळी ठेवावी. सगळ्या बाजू आणि कडा रंगाने बंद केल्या की हा वास बराच कमी होतो.

वाचकांना पडणारे प्रश्न

*सनमायका लावावा की रंग?*
सनमायका जास्त टिकतो, पुसायला सोपा, पण खर्च वाढतो आणि कारागीर चांगला लागतो. रंगाचा फायदा हा की चार-पाच वर्षांनी घरच्या घरी पुन्हा हात मारता येतो.

*मरीन प्लाय घेतला तर रंग नाही दिला तरी चालेल का?*
नाही. मरीनमध्ये डिंक सुटत नाही, पण लाकूड पाणी पितंच. वरचा थर काळा पडतो. कडा तरी बंद करायलाच हव्यात.

*प्लाय आधी रंगवावा की कपाट जोडून मग?*
जोडायच्या आधी सगळ्या तुकड्यांना प्रायमरचा एक हात द्यावा, कारण जोडल्यावर मागचे कोपरे हाताला येत नाहीत. फेविकॉल लागणारी जागा मात्र कोरी सोडावी. प्रायमरवर फेविकॉल धरत नाही. बाकी रंग जोडून झाल्यावर.

*फुगलेली फळी दुरुस्त होते का?*
थर सुटले असतील तर नाही. लांबी भरून, रंग मारून चार महिने झाकता येतं, वजन ठेवलं की ती तुटतेच. तेवढी एक फळी बदलावी आणि पाणी कुठून येतंय ते आधी शोधावं.

खरेदीला निघण्यापूर्वी

कपाटाची जागा, उंची, रुंदी कागदावर मांडून न्यावी. भिंतीला हात लावून ओल आहे का बघावं. मोबाइलमध्ये बीआयएस केअर ॲप घेऊन ठेवावं. खिशात टेप ठेवावा. शीट निवडायची, कड बघायची, जाडी मोजायची, परवाना तपासायचा आणि मगच पैसे द्यायचे. बी-बियाणं घेताना पिशवीवरचा लॉट नंबर आणि तारीख बघितली जाते, तेवढीच नजर प्लायवर टाकली तर एकदा केलेली मांडणी पुढची पंधरा-वीस वर्षं हलवायची वेळ येत नाही.